शांत पेटी

आमच्या लोधीपुऱ्यात शांततेचे मोल फार. बुऱ्हाणपूर हे मागांचे शहर. यंत्रमागांचा खडखडाट येथे इतका सवयीचा, की तो थांबला म्हणजेच मनुष्य दचकतो. परंतु गतवर्षी एका लहानशा पेटीने आमच्या घरात जो कलह माजविला, तो त्या मागांनीही कधी माजविला नव्हता.

धाकट्या चिरंजीवांच्या अभ्यासाकरिता एक जुना संगणक घेतला. त्याची कॅबिनेट, म्हणजे ज्या पत्र्याच्या पेटीत सारे भाग बसवितात ती, प्रार्थनेच्याच खोलीत ठेवावी लागली. ती अशी घरघरे, की जपमाळ म्हणताना माझ्या वृद्ध मातोश्री मण्यांची गणती चुकत. यंत्र बंद करावे, तर मुलाचा अभ्यास बुडे. रोज सायंकाळी मी त्याच्यावर ओरडू लागलो, आणि तो प्रार्थनेला बसेनासा झाला.

अखेर नवी पेटी घेण्याचे ठरले. अडीच हजार रुपयांपलीकडे जाणे शक्य नव्हते. मला वाटले, चोहीकडून बंद पेटी घ्यावी, म्हणजे आवाज आतच राहील. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन कंपनीच्या 'डिफाइन' मालिकेतील पेट्यांना आतून ध्वनिशोषक अस्तर असते. त्या आमच्या आवाक्याबाहेर. पण तशीच दिसणारी एक स्वस्त पेटी दुकानात होती. तिच्याकडे बोट दाखविताच तरुण दुकानदार हसला.

"काका, आवाज कोंडाल, तर उष्णताही कोंडेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. आत तापले, की पंखे दुप्पट जोराने धावणार. मग शांतता कुठली?"

त्याने समजावून सांगितले, की १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही तितकी हवा लोटतो, जितकी लोटण्यास ८० मिलिमीटरच्या पंख्याला धापा टाकाव्या लागतात. त्याच पंख्याची गती निम्मी केली, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबल उतरले, तरी कानाला तो निम्मा भासतो.

आम्ही पुढून जाळीची पेटी निवडली. पुढे दोन, मागे एक, असे १२० मिलिमीटरचे पंखे. जाळीमागे धुता येणारी गाळणी, कारण येथल्या हवेत कापसाचे तंतू फार. बाजूच्या पत्र्यावर टिचकी मारून पाहिली. पातळ पत्रा झणझणतो, हा जाडसर होता. हार्ड डिस्कखाली रबर मात्र नव्हते. त्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसविले, आणि मुलाने बायॉसमध्ये पंख्यांची गती उतरविली.

ही पेटी अगदी मूक आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. जाळीतून मंद सुस्कारा ऐकू येतो, आणि दर पंधरवड्यास गाळणी धुतली नाही, तर घरघर परत येते. परंतु मातोश्रींची माळ आता चुकत नाही. आमच्यासारख्या उष्ण गावी, थोडक्या पैशांत, मी हीच पेटी पुन्हा घेईन.

१६१५ साली खानखानांच्या काळात बांधलेला आमचा कुंडी भंडारा मला आठवतो. भूमीखालच्या बोगद्यातून पाणी केवळ उतारावर वाहते, आणि वर शंभराहून अधिक कुंड्या आकाशाकडे उघड्या आहेत. वाट मोकळी असली, की जोर लावावा लागत नाही, आणि जोर नसला, की गलबला होत नाही.

मी मात्र मुलाची तक्रार ऐकण्याऐवजी ती कोंडीत होतो. म्हणून आमच्या घरात सारेच तापले होते. एका शनिवारी गाळणी धुता धुता मी त्याला तसे सांगितले. तो काही बोलला नाही. सायंकाळी मात्र आजीशेजारी येऊन बसला, आणि पहिले रहस्य त्यानेच सुरू केले.