दोन राज्यांच्या मधली आमची खाडी

थोरल्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात खाडीचा धडा आला. नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचे खारे पाणी आत शिरते, नदीचे गोडे पाणी त्यात मिसळते, तो भाग म्हणजे खाडी. तिने विचारले, "पप्पा, अशी खाडी बघायला कुठे जायचं?" आम्हाला हसूच आले. आमची खोली वांद्रे पूर्वेला. रोज लोकलमधून नाकाला रुमाल लावून आम्ही जी ओलांडतो, तीच की ती!

रविवारी चपाती-भाजीचा डबा घेऊन सहकुटुंब निघालो. स्टेशनच्या पश्चिमेला बस धरली आणि बँडस्टँडच्या टोकाला वांद्र्याच्या किल्ल्यावर गेलो. तिकीट नाही, त्यामुळे आपल्या खिशाला परवडणारी सहल. पोर्तुगीजांनी 1640 साली बांधलेल्या या किल्ल्यावरून समोर वरळी दिसते, डाव्या हाताला माहीम, आणि या पाण्यावरून 2009 साली सुरू झालेला सागरी सेतू. माहीम आणि वांद्रे यांच्या मधल्या फटीतून मिठी नदी बाहेर येते.

या फटीतून एकेकाळी दोन राज्यांची हद्द जात होती, हे मुलांना खरे वाटेना. 1661 च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. बेटावर राबणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांना कोण विचारतो! 1665 साली ताबा देताना माहीम त्या आंदणात येते की नाही यावर दोघांचे भांडण जुंपले. अखेर माहीम इंग्रजांकडे गेले, वांद्रे पोर्तुगीजांकडे राहिले. 1739 साली मराठ्यांनी साष्टी जिंकली, तेव्हा अलीकडे मराठे आणि पलीकडे इंग्रज. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीत पाय रोवले आणि शंभरावर वर्षांची ती सरहद्द पुसली गेली.

जगात अशा खाड्या आणखीही आहेत. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या मधली प्लाटा नदीची खाडी मुखाशी सुमारे 220 किलोमीटर रुंद आहे. आमची खाडी पायी ओलांडायला काही मिनिटे पुरतात.

पण पूर्वी तरीशिवाय इलाज नव्हता. 1845 साली माहीमचा बांधरस्ता झाला, तोही जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले म्हणून. धाकट्याचा प्रश्न वेगळाच: "त्याच्याआधी पावसात माणसं कामावर कशी जायची?" आम्ही गप्प.

मिठी सुमारे 18 किलोमीटरची. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन ती साकीनाका, कुर्ला, धारावी करत इथे येते. भरती दिवसातून दोनदा. भरतीला समुद्र मुखाशी उभा राहतो आणि नदीचे पाणी मागे तुंबते. मोरीचे भोक बंद असताना बादली ओतावी, तसे. पूर्वी हे तुंबलेले पाणी तिवरांत आणि दलदलीत पसरायला जागा होती. पुढे बांधरस्ता आला, रेल्वेचा भराव आला, धारावीकडे वस्ती वाढली, 1977 नंतर दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. जागा आवळत गेली.

26 जुलै 2005 ला सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी भरती होती. आमच्या खोलीत पाणी छातीला लागले. रात्र शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावर काढली. रेशनकार्ड तेवढे वाचले. तेव्हा मुलांचा जन्मही झाला नव्हता. नंतर नदी रुंद करायची म्हणून काठावरची घरे मोजायला माणसे आली. काचेच्या इमारती कोणी मोजल्या असतील तर त्या आम्ही पाहिल्या नाहीत.

परतताना बस बांधरस्त्यावर अडकली. ओहोटी लागली होती. काळ्या चिखलात पांढरे बगळे उभे होते, प्लास्टिकच्या पिशव्या तिवरांना लोंबत होत्या. थोरली खिडकीतून बघत म्हणाली, "म्हणून तुम्ही पावसाळ्यात कॅलेंडरवर भरतीच्या वेळा लिहिता होय?"

"हो," आम्ही म्हणालो.

या पावसाळ्यात त्या वेळा तिने लिहिल्या आहेत.