२३ मिलिमीटरचा निकाल

आगर प्लेटवर स्टॅफिलोकॉकस वाढला आहे. सेफॉक्सिटिनच्या ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास भरतो २३ मिलिमीटर. ही चकती मेथिसिलिनसारख्या पेनिसिलिन-गटातल्या औषधांचा प्रतिरोध ओळखायला लावतात. आता ती औषधे चालतील की नाही? अमेरिकेतल्या सीएलएसआय संस्थेच्या निकषांनुसार जीवाणू ‘ऑरियस’ असेल तर २२ किंवा त्याहून अधिक व्यास म्हणजे संवेदनशील. पण तो ‘एपिडर्मिडिस’ असेल तर २४ पर्यंतचा व्यास प्रतिरोधी धरतात. मोजमाप तेच, उपचार मात्र वेगळा.

दोघांकडे प्रतिरोध येतो तो बहुधा एकाच ‘मेक-ए’ जनुकामुळे. पेनिसिलिनच्या गटातली औषधे जीवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना जखडतात. मेक-ए असलेला जीवाणू त्या औषधांच्या तावडीत सहसा न सापडणारे आणखी एक प्रथिन तयार करतो आणि बांधकाम चालू ठेवतो. मेथिसिलिन वापरात येऊन जेमतेम दोन वर्षे होत होती, तोच १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी प्रतिरोधी ऑरियसची नोंद केली. हे जनुक मुळात प्राण्यांच्या अंगावर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसांकडचे. एका फिरत्या जनुकखंडात बसून ते जातीजातींत पसरले, आणि माणसाच्या त्वचेवरचा एपिडर्मिडिस त्याचे मोठे कोठार ठरला. रुग्णालयांत सापडणाऱ्या एपिडर्मिडिसपैकी बहुतांश मेथिसिलिनला दाद देत नाहीत. शिवाय कॅथेटरवर किंवा कृत्रिम सांध्यावर तो चिकट थर धरतो. त्या थरात संवेदनशील जीवाणूही औषधाला पुरून उरतात.

‘हीमोलिटिकस’ याहून हट्टी. व्हँकोमायसिनला न जुमानणारा हीमोलिटिकस १९८७ मध्येच नोंदला गेला, ऑरियसमध्ये त्या औषधाचा प्रभाव घटल्याचे जपानमधून कळले त्याच्या दहा वर्षे आधी. अतिदक्षता विभागातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात तो आला की डॉक्टरांपुढे मोजकीच औषधे उरतात.

‘सॅप्रोफायटिकस’ची तऱ्हा वेगळी. तरुण स्त्रियांना मूत्रमार्गाचा संसर्ग करणाऱ्या या जातीत नोव्होबायोसिनचा प्रतिरोध उपजत असतो. ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

आणि ‘लुग्डुनेन्सिस’. १९८८ मध्ये वर्णन झालेली ही जात कोअॅग्युलेज-निगेटिव्ह, म्हणजे रक्तद्रव गोठवणारे कोअॅग्युलेज न बनवणाऱ्या गटातली, पण हृदयाच्या झडपा ऑरियससारख्याच निर्दयपणे पोखरते. तरीही ती बऱ्याच औषधांना संवेदनशील असते, आणि सेफॉक्सिटिनसाठी तिला ऑरियसचेच निकष लागतात. रिपोर्टवर नुसते ‘कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस’ लिहून पाठवले की तिची गणना त्वचेवरून नमुन्यात आलेल्या निरुपद्रवी जीवाणूंत होण्याची भीती असते. हे मला फार खटकते. मॅल्डी-टॉफ यंत्र जात काही मिनिटांत सांगते. जिथे ते नाही, तिथे ऑर्निथिन आणि पीवायआर या दोन साध्या चाचण्यांवरून लुग्डुनेन्सिसचा अंदाज बांधता येतो. रक्ताच्या एकाहून अधिक बाटल्यांत किंवा सांध्यातल्या पाण्यात स्टॅफिलोकॉकस वाढला, तर निदान तेवढ्या चाचण्या व्हायलाच हव्यात.