आमची गाडी तापते

मे महिन्यात शेगावात न तापणारी एक तरी वस्तू मला दाखवा. दाखवलीत, तर तिला मुदत ठेवीवर अर्धा टक्का जास्त व्याज मिळवून देण्याची जबाबदारी माझी. इथं गच्ची तापते, टाकीतलं पाणी तापतं, दुपारी दाराच्या कडीला हात लावायचा तर पदर नाही तर रुमाल गुंडाळावा लागतो. पारा पंचेचाळीसला टेकला की माणसांची डोकी तापतात, आणि मग कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून घरोघर परिषदा भरतात. त्यामुळे आमची मोटारसायकल तापू लागली तेव्हा पहिले आठ दिवस मी तिकडे लक्षच दिलं नाही. अख्खं गाव तापत असताना तिनं एकटीनंच थंड राहावं, अशी अपेक्षा तरी का करावी?

मी खामगावला एका बँकेत कारकून आहे. हल्ली आमच्या पदाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव लांबलं, काउंटर तोच राहिला. ऑफिसर होण्याची परीक्षा दर वर्षी निघते आणि दर वर्षी मी ती देत नाही. ऑफिसर झालं की बदली होते, आणि बदली झाली की शेगाव सुटतं. शेगावहून खामगाव सतरा-एक किलोमीटर. ते मी रोज मोटारसायकलवरून जातो आणि येतो. गाडी शंभर सीसीची, हवेवर थंड होणारी. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला; आमची गाडी त्याच्या बरीच आधीची, म्हणजे कार्ब्युरेटर बाळगून असलेली.

आठ दिवसांनी मात्र लक्ष देणं भाग पडलं. अर्धा रस्ता संपला की गाडीचा जोर जाई. आतून टकटक आवाज येई. नडगीला असा चटका बसे, की स्टेशनवरची कचोरी सिलिंडरवर ठेवली असती तर खामगावपर्यंत गरमच राहिली असती. शेवटी एके दिवशी गाडी मध्येच थांबली आणि मी निंबाच्या झाडाखाली उभा राहिलो.

बंद गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसापाशी दोन प्रकारचे लोक थांबतात. मदत करणारे आणि सल्ला देणारे. त्या दिवशी पहिल्या प्रकारचे लोक बहुधा लग्नांना गेले होते.

बँकेत पोचलो तर तिथंही तेच. हेड कॅशियर म्हणाले, “ऑइल बदला.” बदलून देणं हा त्यांचा धर्मच आहे, फाटक्या नोटेपासून चष्म्यापर्यंत त्यांचं हेच उत्तर असतं. शिपाई म्हणाला, “इंजिनवर बादलीभर थंड पाणी मारा.” (कृपा करून असं कोणी करू नये. तापलेल्या धातूवर गार पाणी ओतलं तर त्याला तडा जाऊ शकतो.) कर्जविभागातल्या तरुण ऑफिसरनं ड्रॉवरमधून फॉर्मच काढला. “काका, विका ती. नवी घ्या. हप्ता मी बसवून देतो.”

घरी आलो तर शेजारचे निवृत्त गार्डसाहेब ओट्यावर बसलेले. हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना रेल्वेतूनच दिसते. त्यांच्या घरी दूध उतू गेलं तरी ते सिग्नल कोणी सोडला याची चौकशी करतात. मी गाडी लावत होतो, तेवढ्यात ते म्हणाले,

“ब्रेक बायंडिंग.”

“काय?”

“ब्रेक चाकाला चिकटलाय. अहो, न थांबता गाडी जाते तेव्हा स्टेशनवर हिरवी झेंडी घेऊन माणूस उभा असतो, तो काय प्रवाशांना टाटा करायला? तो चाकं बघतो. कुठं ॲक्सल तापलाय का, कुठं ब्रेक चिकटलाय का.”

मी मनातल्या मनात हसलो. तापतंय इंजिन, आणि हे चाकाकडे बोट दाखवतायत.

मी पडलो बी.कॉम. ताळा जुळला नाही की फरक काढायचा आणि त्याला नवानं भागून बघायचं, हे आम्हाला शिकवलेलं. भाग गेला तर बहुधा कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. चौपन्नचे पंचेचाळीस झालेले असतात. गाडी आधी लिटरला साठ किलोमीटर जायची, आता एक्कावन्न जात होती. फरक नऊ. नवानं भाग जात होता! पण पुढं काय करायचं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

१८७८ साली गजानन महाराज शेगावात प्रकटले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७६ साली, तिकडे जर्मनीत निकोलाउस ओटोनं आपलं चार फेऱ्यांचं इंजिन चालवून दाखवलं. तेव्हापासून आजपर्यंत इंजिनाचा स्वभाव फारसा बदललेला नाही. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकाच्या कामी येतो. बाकीची धुरावाटे आणि सिलिंडरभोवतीच्या पात्यांवाटे हवेत जाते. माझ्या पगाराचंही प्रमाण साधारण असंच असल्यामुळे मला या यंत्राविषयी पहिल्यापासून आपुलकी आहे. आमच्या गावात अडलेला माणूस मंदिरात जातो. मीही निघालो होतो, पण बायको म्हणाली, “आधी मिस्त्रीकडे जा. महाराजांना स्पॅनर धरायला लावू नका.”

मिस्त्रीनं घाई केली नाही. आधी ऑइल पाहिलं. ते पुरेसं होतं. सिलिंडरच्या पात्यांमधला चिखल ब्रशनं काढला. त्या बुजल्या तर वारा लागणार कुठून? मग प्लग काढून उजेडात धरला. प्लग पांढराफटक असला तर इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय, काजळी धरलेली असली तर पेट्रोल जास्त. आमचा कॉफीसारखा तपकिरी, म्हणजे निरोगी निघाला. शेवटी त्यानं गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हातानं फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं.

“इंजनले काही नाही झालं, भाऊ,” तो म्हणाला. “ब्रेक चिपकून रायला. बांधलेला बैल वढून रायला बिचारा. गरम तं होईनच.”

ब्रेकच्या शूजवर काचेसारखी चकाकी आली होती. त्यानं नवे शूज घातले, आतल्या कॅमला ग्रीस लावलं, पेडलला बोटभर ढील ठेवली. चाक पुन्हा फिरवलं तर ते थांबायचं नाव घेईना. मी घरी येऊन गार्डसाहेबांना सांगितलं. त्यांनी विजयाची शिट्टी मारली नाही. नुसती मान हलवली.

बारा दिवसांनी गाडी पुन्हा तापली.

या वेळी मिस्त्री दुखावला. “म्या टाकलेले शूज बारा दिवसांत काऊन घासले? भाऊ, तुमी गाडी चालोता कशी?”

“नीट चालवतो. सावकाश. वीस वर्षांत एकदाही पडलो नाही.”

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. बोलला काहीच नाही.

घरातही त्या दिवसांत तापमान चढलेलंच होतं. मुलगी बारावी झाली. तिला संख्याशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. फॉर्म भरून टेबलावर ठेवलेला. पालकाची सही तेवढी बाकी. मी म्हणत होतो, “बघू.” अकोल्याला कॉलेजं नाहीत का? अमरावतीला तर अख्खं विद्यापीठ आहे! पुण्यात खोली कशी मिळेल, जेवणाचं काय, रात्री-बेरात्री... बघू. बायको म्हणाली, “तुम्ही ‘बघू’ म्हणता तेव्हा बघत काहीच नसता.” मुलगी काहीच म्हणत नव्हती. फॉर्मवर धूळ बसू नये म्हणून रोज सकाळी तो तेवढा पुसत होती.

रविवारी खामगावला माझ्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. मी आणि बायको मोटारसायकलवर, मुलगी मैत्रिणीच्या स्कूटीवर मागून. पोचल्यावर हेल्मेट काढत ती म्हणाली,

“बाबा, तुमचा मागचा लाल दिवा बिघडलाय का?”

“का गं?”

“शेगावपासून पेटलेलाच आहे. मला सारखं वाटत होतं, बाबा आता थांबतील, आता थांबतील. म्हणून मीसुद्धा हळूहळू तुमच्या मागेच.”

ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. “पाय काढा पेडलवरून.” दिवा विझला. “ठेवा.” पेटला. “काढा. ठेवा.” असं माझ्या मेहुण्यांच्या अंगणात, भाच्यांच्या देखत, पाच वेळा झालं. वीस वर्षं माझा उजवा पाय ब्रेकवर टेकलेलाच होता. कोणी आडवं आलं तर असावा, म्हणून. आडवं कोणी आलं नाही. इंजिन तेवढं तापलं.

“हे निदान मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी केलं होतं,” बायको म्हणाली आणि जेवायला आत गेली.

परतताना पाय उचलून गाडी चालवली. त्या पायाला काय करावं ते कळेना. नवख्या पाहुण्यासारखा तो अवघडून बसला होता. पण गाडी काय पळाली म्हणता! एकदा आरशात पाहिलं. स्कूटी माझ्या मागं नव्हती. हॉर्न वाजवून ती शेजारून पुढं गेली होती. घरी पोचलो तेव्हा गार्डसाहेब ओट्यावर होते. त्यांनी आधी मागचा दिवा पाहिला, मग चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि झेंडी दाखवावी तसा हात वर केला.

रात्री फॉर्मवर सही केली. मुदत संपायला अजून आठ दिवस होते, तरी केली. मुलगीनं फॉर्म उचलला आणि धूळ नसतानाही एकदा पुसला.

सोमवारी बँकेत बढतीच्या परीक्षेचं पत्रक आलं. मी ते दोनदा वाचलं आणि घडी करून घरी आणलं. बायकोनं विचारलं, “मग, देणार परीक्षा?”

मी म्हटलं, “बघू.”

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, “बाबा, दिवा पेटला!”