न झालेल्या चोरीचा पंचनामा

रॅम चोरल्याचा आळ ज्या मुलावर आला, त्याला ‘तू चोरी केली नव्हतीस’ एवढं सांगणारं एका ओळीचं पत्र आमच्या कंपनीने कधी दिलं नाही. मी ते मागितलं होतं. तोंडी मागितलं, मेल करून मागितलं, एचआरच्या साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहून मागितलं. ‘मॅडम, तो आपल्या पे-रोलवरच नव्हता, आपण कोणत्या नात्याने पत्र देणार?’ असं उत्तर मिळालं. ते आठवलं की आजही डोकं तापतं. आळ घेताना कुणाला नातं आडवं आलं नव्हतं.

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. मी तिथे ईडीपीत होते. पुढे विभागाचं नाव आयटी झालं, काम तेच राहिलं. दोनशेच्या आसपास संगणक, हेड ऑफिस मुंबईला. देखभालीचं काम वर्षाच्या कराराने एका एजन्सीकडे, आणि त्या एजन्सीचा एक मुलगा दिवसभर आमच्याकडे बसलेला. सिन्नरकडचा, आयटीआय झालेला, हाताला अतिशय स्वच्छ. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो अजून याच धंद्यात आहे.

मार्च जवळ आला की आम्ही दोघं रजिस्टर घेऊन फिरायचो. टेबलाखाली वाकायचं, टॉर्च मारून सीपीयूच्या मागचा ॲसेट टॅग वाचायचा, खूण करायची. अर्धे टॅग पुसलेले, काही सोलून काढलेले. त्यामुळे हेड ऑफिसने नेटवर्कवरून मोजणी करणारं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. विंडोजमध्ये डब्ल्यूएमआय नावाची सोय असते. अधिकार असलेल्या माणसाने नेटवर्कवरून तिला विचारलं की प्रोसेसर कोणता, हार्ड डिस्क केवढी, मदरबोर्डचा सिरियल नंबर काय, हे सगळं ती सांगते. फायरवॉलमध्ये 135 नंबरचं पोर्ट आणि त्यामागचे काही पोर्ट मोकळे करून द्यावे लागले, तेवढंच. मुंबईत बसून सातपूरची मशीनं मोजली गेली, तीही एका दुपारी.

त्या अहवालात 14 मशीनं लाल रंगात आली. रजिस्टरला प्रत्येकी 8 जीबी रॅम, अहवालात 3.24. देखभालीचं कॉल रजिस्टर मागवलं गेलं आणि या चौदाच्या चौदा मशीनच्या नोंदीसमोर त्या मुलाची सही निघाली. अकाउंट्सच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

आता सही का होती, ते सांगते, कारण ते विचारायचं कुणाच्याच मनात आलं नाही. डिस्पॅच आणि पेंट शॉपमध्ये वजनकाट्याला जोडलेलं एक जुनं सॉफ्टवेअर होतं, 16 बिटच्या जमान्यातलं. नवीन मशीनं 64 बिट विंडोज 7 घेऊन आली होती, आणि 64 बिट विंडोजवर 16 बिटचा प्रोग्रॅम चालतच नाही. काटा बनवणाऱ्याने ते सॉफ्टवेअर केव्हाच सोडून दिलेलं. गाड्या गेटवर खोळंबल्या. तेव्हा प्रॉडक्शनच्या साहेबांनी लेखी सांगून त्या मशीनवर 32 बिट विंडोज टाकून घेतलं. ते काम त्या मुलाने केलं, बरेच दिवस थांबून, जास्तीचे पैसे न घेता. आणि 32 बिट विंडोज 7 फार तर 4 जीबी मेमरी वापरू शकतं; त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीची उपकरणं घेतात, उरते सव्वातीनच्या आसपास. आत 8 जीबी बसवलेली असो की 16, विंडोज तेवढीच वापरतं आणि कुणी विचारलं तर तेवढीच सांगतं.

म्हणजे रॅम गेलेली नव्हती. विंडोजला ती दिसत नव्हती.

याहून वाईट म्हणजे उत्तर त्याच अहवालात होतं. मी तो एक्सेलमध्ये उघडला तेव्हा मेमरीच्या रकान्याच्या उजवीकडे, थोडं पुढे सरकलं की, ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ असा रकाना होता. लाल रंगातल्या चौदाही ओळींत तिथे 32 बिट लिहिलेलं होतं, बाकी सगळीकडे 64. ज्याने लाल रंग भरला त्याने स्क्रीन उजवीकडे सरकवली असती, तर एका माणसाची नोकरी वाचली असती. अहवालावर बैठक झाली तेव्हा मी हा रकाना दाखवला. बैठकीत फोनवर मुंबईचे साहेब होते. ते म्हणाले, ‘तांत्रिक बाबी नंतर बघू, आधी सिक्युरिटी ॲक्शन.’

सिक्युरिटी ॲक्शन म्हणजे काय झालं? चौदाही कॅबिनेटच्या झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, त्यावर सिक्युरिटी ऑफिसर आणि अकाउंट्स अशा दोघांच्या सह्या. मुंबईहून माणूस येईपर्यंत कुणी झाकण उघडायचं नाही, कारण तो पुरावा. मशीनं चालू, काटा चालू, डिस्पॅच चालू. आत बघायला मात्र बंदी. स्क्रू ड्रायव्हरने दोन मिनिटांत मिटला असता असा प्रश्न आम्ही डिंक लावून बंद करून ठेवला. आणि त्याच दिवशी मुलाचं नाव गेटवर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरून फोन आला. तो बाहेर उभा होता, हेल्मेट हातात, आणि वॉचमन, जो रोज त्याच्याबरोबर चहा प्यायचा, तो त्याच्याकडे न बघता रजिस्टर चाळत होता. ‘मॅडम, मी फॉरमॅट मारलंय फक्त. रॅमला हात लावला नाही. तुम्ही कॅबिनेट उघडा ना माझ्यासमोर.’ मी म्हटलं, ‘अरे, मला माहीत आहे. पट्ट्या लावल्यात, मला उघडू देत नाहीत.’ तो म्हणाला, ‘मग आत नसलेली रॅम त्यांनी न उघडता कशी बघितली?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कंपनीकडेही नव्हतं.

मी जागेवर येऊन बसले आणि झाकणाला हात न लावता जे करता येत होतं ते केलं. डब्ल्यूएमआयलाच दुसऱ्या तऱ्हेने विचारलं. एकूण किती मेमरी वापरता येते, हे न विचारता कोणत्या स्लॉटमध्ये काय बसवलंय, हे विचारलं. हे उत्तर मदरबोर्डवरच्या बायोसने नोंदवलेलं असतं, ते 32 किंवा 64 बिटवर अवलंबून नसतं. पहिल्या मशीनने दोन ओळी दिल्या: 4294967296 आणि खाली पुन्हा 4294967296. बाइटमध्ये मोजलेले चार जीबी, दोनदा. पुढे प्रत्येक रॅमचा सिरियल नंबर. चौदाही मशीनचं तेच. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीतही लिहिलेलं आहे की एकूण मेमरीचा तो पहिला आकडा काही परिस्थितीत बरोबर नसतो, खरा हवा असेल तर बसवलेल्या रॅमची क्षमता वाचा. मी हे सगळं छापून, मार्कर लावून मुंबईला पाठवलं.

उत्तर आलं की हा काळ्या स्क्रीनवरचा मजकूर आहे, आणि आमचा अहवाल मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरचा आहे. मशीन तेच, सोयही तीच. फक्त माझा प्रश्न नीट होता आणि त्यांचा अहवाल रंगीत होता.

शेवटी सोडवणूक झाली ती ऑडिटमुळे. लेखापरीक्षकांना स्थिर मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी झाली की नाही, यावर अभिप्राय द्यावा लागतो. त्यांच्याकडून आलेल्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने अहवाल चाळला आणि सरळ विचारलं, ‘हे नेटवर्कवरून काढलेलं आहे. प्रत्यक्ष कुणी बघितलं?’ खोलीत कुणी बोलेना. मग पट्ट्या कापल्या गेल्या. पहिल्या कॅबिनेटमध्ये दोन स्लॉटना दोन रॅम, वर पेंट शॉपची धूळ इतकी एकसारखी बसलेली की तिथे बोट लागलेलं नाही हे कुणालाही दिसलं असतं. उरलेली तेरा उघडली. सगळी तशीच.

अहवालात दुरुस्ती झाली. रकान्यात 8 जीबी आलं, लाल रंग गेला, आणि ‘सुधारित’ असा एक शब्द. तोवर एजन्सीने मुलाला आमच्या साइटवरून काढलं होतं, मग कामावरूनही. ‘क्लायंटची तक्रार’ हे कारण पुढच्या दोन ठिकाणी त्याला भोवलं, असं नंतर त्याच्याकडूनच कळलं. ज्या रॅमवरून हे घडलं तिची बाजारातली किंमत तेव्हा दोन-अडीच हजार रुपये. आणि कंपनी कायद्याच्या हिशेबात डेस्कटॉपचं एकूण आयुष्यच 3 वर्षं धरलेलं आहे.

मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. त्या चौदा मशीनवर एखाद्या कायम कामगाराची किंवा इंजिनिअरची सही असती, तर आधी कॅबिनेट उघडलं गेलं असतं. कंत्राटी माणसाच्या बाबतीत आधी गेट बंद होतं. संगणकाने हा भेदभाव केला नाही, तो आमच्यात आधीपासूनच होता. संगणकाने त्याला एक लाल रकाना पुरवला.

त्या वर्षी मी सगळ्यांना सांगत सुटले होते की दुरून केलेली मोजणी बंद करा, रजिस्टर आणि टॉर्चच बरी. आता मी तसं म्हणणार नाही. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉपच नव्हे, काहींनी डेस्कटॉपसुद्धा रिक्षात घालून घरी नेले. कोणतं मशीन कुणाच्या घरी, त्याची डिस्क भरली का, हे टॉर्च घेऊन बघता येणारच नव्हतं. तोवर मी ओसीएस इन्व्हेंटरी आणि जीएलपीआय ही दोन मोफत मिळणारी फ्रेंच सॉफ्टवेअर बसवून घेतली होती. त्यातला एजंट प्रत्येक मशीनवर राहतो आणि स्वतःहून सर्व्हरला माहिती पाठवतो. त्याच्या जोरावर त्या काळात आमचं एकही मशीन हरवलं नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 10 चा आधार संपणार होता, तेव्हा कोणत्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 आहे आणि कोणतं विंडोज 11 ला चालणार नाही, ही यादीसुद्धा जागेवर बसूनच निघाली. हे काम माणसं फिरवून करायला कुणी सांगितलं असतं, तर मी नकार दिला असता.

तरी हातात आलेली यादी मी तशीच पुढे पाठवत नाही. असेंबल केलेल्या मशीनमध्ये सिरियल नंबरच्या जागी पुष्कळदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढंच असतं, कारण बनवणाऱ्याने तो भरलेलाच नसतो. सॉफ्टवेअर सिरियल नंबरवरून मशीन ओळखत असेल, तर अशी सगळी मशीनं एकाच ओळीत जमा होतात आणि कागदावर मशीनं नाहीशी होतात. बंद असलेलं मशीन, फायरवॉलने अडवलेलं मशीन आणि खरोखर गेलेलं मशीन, तिन्हींची यादीतली गैरहजेरी सारखीच दिसते. म्हणून शेवटचा संपर्क कोणत्या तारखेचा, हा रकाना मी सगळ्यात आधी वाचते. रॅमच्या बाबतीत फक्त बेरीज ठेवत नाही, प्रत्येक स्लॉटचा सिरियल नंबरही ठेवते. खरी अदलाबदल झाली तर ती तिथे कळते.

वाचणाऱ्यांत कुणी आपल्या कंपनीत असा अहवाल काढत असेल किंवा त्यावर सही करत असेल, तर त्यांना विनंती आहे. तुमच्या मेमरीच्या रकान्यातला आकडा विंडोजला दिसणारा आहे की स्लॉटमध्ये बसवलेला, हे आजच विचारून घ्या. आणि आकडा कमी आला तर ज्याच्यावर संशय आहे त्याला आत बोलवा आणि कॅबिनेट त्याच्यासमोर उघडा. गेटवर नाव त्याआधी कळवू नका.