पश्चिमेकडे तोंड करून

पनवेलजवळच्या विचुंब्यात आमच्या जुन्या कौलारू घराच्या आढ्याला एक लोखंडी पाइप अजून उभा आहे. त्याच्या टोकाला आता काहीच नाही. आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्यांवर छत्र्या आहेत आणि त्या सगळ्या आग्नेयेकडे, आभाळात बघतात. आमची अँटेना पश्चिमेकडे बघायची, वरळीकडे. त्या पाइपाखाली उभं राहून ही यादी केली आहे. काही गोष्टी गेल्या, काही जायच्या वाटेवर आहेत.

अँटेना. अॅल्युमिनियमच्या आडव्या कांड्या आणि खिडकीतून आत आलेली चपटी वायर. दूरदर्शनचा वरळीचा मनोरा इथून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटर. पावसाळ्यात वाऱ्याने अँटेना फिरली की बाबा कौलांवर, मी दारात, आई टीव्हीसमोर. "आलं का गं?" "आलं! नाही, गेलं. बाबा, जरा खाडीकडे फिरवा. बस, बस, हात लावू नका!" एका चित्रासाठी तीन माणसं लागत. शेजारच्या काकू अंगणातून सांगत, "आमच्याकडे स्वच्छ आहे हो," म्हणजे बिघाड आमचाच, हे कळे.

मुंग्या. चित्र कमजोर झालं की पडद्यावर मुंग्या येत. पण मुंग्यांतूनही बातम्या ऐकू येत, निवेदिकेच्या साडीचा काठ ओळखू येई. जुनं अॅनालॉग प्रक्षेपण हळूहळू विरत जाई. डिजिटल चित्र तसं विरत नाही. ते असतं तेव्हा लख्ख असतं, मग त्याचे चौकोन होतात आणि पडदा काळा पडतो.

व्यत्यय. हा शब्द आम्हा मुलांना शाळेने शिकवला नाही, प्रक्षेपणात खंड पडला की लागणाऱ्या मुंबई दूरदर्शनच्या पाटीने शिकवला. पाटी लागली की कुणी उठत नसे, सगळे तिच्याकडेच बघत बसत.

परवाना. टीव्ही घरात ठेवायला वर्षाला ५० रुपये पोस्टात भरावे लागत. १९८५ मध्ये हे शुल्क गेलं. आमचं परवान्याचं पुस्तक आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. हे प्रक्षेपण आपल्या पैशावर चालतं, याचा तो घरातला पुरावा होता.

साप्ताहिकी. येत्या आठवड्यात काय दाखवणार ते सांगणारा कार्यक्रम. आई कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने वार आणि वेळ लिहून घेई. 'गजरा', 'छायागीत', 'आमची माती आमची माणसं'. चुकलं तर चुकलं, पुन्हा बघायची सोय नव्हती. म्हणून वेळ पाळली जाई.

दिवसाचा शेवट. रात्री प्रक्षेपण संपायचं. मग खरखर, मग बटण. पडद्याच्या मधोमध पांढरा ठिपका बारीक होत विझायचा. टीव्ही थांबायचा म्हणून घरही झोपायचं.

मनोरे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं. मग गावोगाव सहक्षेपण केंद्रं उभी राहिली. प्रसार भारतीने ३१ मार्च २०२२ पर्यंत देशभरातले अॅनालॉग प्रक्षेपक बंद करायचं ठरवलं. मोक्याच्या जागचे सुमारे ५० तेवढे वगळले. जमिनीवरून येणारं चित्र त्याबरोबर संपत गेलं.

चौकोनी चित्र. जुन्या पडद्याची रुंदी आणि उंची ४ ला ३, आताची १६ ला ९. जुन्या चित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या ओळी ५७६, आता एचडीत १०८०. ठिपके मोजले तर एचडीत जवळपास पाचपट. १९८२ मध्ये एशियाडच्या वर्षी दूरदर्शनला रंग आले. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. धावपटूच्या कपाळावरचा घाम दिसला, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेर 'रामायण' पुन्हा लागलं. रुंद टीव्हीवर घरोघरी ते ताणून बघितलं गेलं आणि सगळे चेहरे पसरट झाले. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या लोकांना खुपतात. पण त्या पट्ट्याच खऱ्या आहेत, चित्र तेवढंच होतं.

टेप. या यादीतली सगळ्यात काळजीची गोष्ट ही. गोविंद निहलानींनी दूरदर्शनसाठी केलेलं 'तमस' फिल्मवर चित्रित झालं होतं. फिल्म नव्याने स्कॅन करता येते, तिच्यात तपशील शिल्लक असतो. स्टुडिओत व्हिडिओ टेपवर झालेल्या कार्यक्रमांचं तसं नाही. टेपवर जेवढ्या ओळी उतरल्या तेवढ्याच. शिवाय टेप महाग होत्या, त्यामुळे त्याच पुन्हा वापरल्या जात आणि आधीचा कार्यक्रम पुसला जाई. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या मालिकेतले चिमणराव-गुंड्याभाऊ आज जितके बघायला मिळतात, तितके वाचले म्हणायचं.

एचडीबद्दल माझी तक्रार नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली. ते व्हायलाच हवं. सरकारी वाहिनीचं चित्रही कुणापेक्षा कमी असू नये, कारण कित्येक घरांवर दरमहा पैसे न लागणारी दूरदर्शनची छत्रीच तेवढी आहे. पण नवे कॅमेरे घेताना जुन्या टेपही त्याच तातडीने उतरवून घ्यायला हव्यात. कॅमेरा पुढच्या वर्षीही विकत मिळेल. बुरशी लागलेली टेप मिळणार नाही.

आणि वाचकांनो, एक काम आपलंही आहे. पोटमाळ्यावर, ट्रंकेत, लग्नाच्या कॅसेटींमध्ये कुणी तरी केव्हा तरी घरच्या व्हीसीआरवर टेप केलेला मराठी कार्यक्रम असू शकतो. दूरदर्शनकडेही नसेल, तो तुमच्याकडे असेल. कोकणातला एक पावसाळा त्या कॅसेटीला पुरे. या वर्षी पाऊस लागण्याआधी ती खाली काढा, उन्हात नको, सावलीत पुसा, आणि कॉपी करून घ्या. भंगारवाल्याला देऊ नका.