बाईंचं म्हणणं असं आहे

मुलांचं कौतुक आईनं चारचौघांत करू नये, दृष्ट लागते, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. मी ते बहुतेक पाळलं. बोर्डाच्या निकालांना पेढे वाटले, पण तोंडानं फार बोलले नाही. आज मात्र थोडं बोलणार आहे, नातेवाईक मंडळींनी चालवून घ्यावं. आणि बोलायचंय तेही मार्कांबद्दल नाही. लेक भरसभेत माझ्या विरुद्ध उभी राहिली, त्याबद्दल.

झालं असं की ज्या शाळेत मी उभा जन्म शिकवलं, आणि जिथे माझी दोन्ही मुलं शिकली, तिथला पट गेली काही वर्षं घसरत चाललाय. मराठी शाळांची जी गत सगळीकडे आहे तीच. म्हणून संस्थेनं पालक, माजी विद्यार्थी आणि आम्हा निवृत्त शिक्षकांची सभा बोलावली. विषय एकच : पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं का? म्हणजे ज्याला आपण 'सेमी' म्हणतो ते. इंग्रजी हा विषय मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून शिकणं वेगळं.

मी विरोधात बोलले. माझे मुद्दे दोन होते. पहिला असा की आपल्या भाषेतला शब्द अर्थासकट येतो. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द बोजड आहे हे कबूल, पण फोड करून सांगितली की त्यातला निदान 'प्रकाश' तरी शेवटच्या बाकावरच्या मुलाला कळतो. 'फोटोसिंथेसिस' त्याला नुसतं पाठ करावं लागतं, आणि ज्याला पाठांतर जमतं तो हुशार ठरतो. दुसरा मुद्दा असा की शिकवणार कोण? ज्या शिक्षकांचं स्वतःचं सगळं शिक्षण मराठीतून झालं, ते एका उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्रजीतून विज्ञान शिकवायला तयार होणार का? मग वर्गात इंग्रजी पुस्तक, मराठी स्पष्टीकरण आणि इंग्रजी उत्तरांची वहीत उतरवून घेतलेली नक्कल, असलं काहीतरी व्हायचं. टाळ्या पडल्या. माझ्या वयाकडे बघूनही पडल्या असतील.

त्यानंतर थोरली उठली. ती इंजिनीअर आहे आणि माजी विद्यार्थी म्हणून आली होती. शाळेत असताना मला 'आई' म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायचं, असा आमच्या घरचा नियम होता. सभेतही तिनं तोच पाळला. म्हणाली, "आधी बाईंचं म्हणणं काय आहे ते सांगते. मग मला ते का पटत नाही ते सांगते." आणि माझे दोन्ही मुद्दे तिनं असे मांडले की मला स्वतःला इतके नेटके जमले नव्हते!

हे इथे जरा थांबून सांगायला हवं. वर्गात वादविवाद घ्यायची मला भारी हौस. वक्तृत्व स्पर्धांचा मात्र कंटाळा. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' इथून सुरुवात, मग आईनं लिहून दिलेलं आणि बाबांनी हातवाऱ्यांसकट बसवून घेतलेलं भाषण. त्यात पोराचं स्वतःचं काय? म्हणून आठवी-नववीच्या वर्गात मी एक नियम केला होता. समोरच्याचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं त्याला मान डोलवावीशी वाटेल असं सांगायचं. तो म्हणाला "हो, हेच मला म्हणायचं होतं", की मग तुझी पाळी. पोरं सुरुवातीला वैतागायची, कारण विरोधी मुद्दा नीट सांगायला गेलं की आपलाच मुद्दा लंगडा वाटू लागतो.

यात माझं काही नाही बरं का. आपल्याकडचे शास्त्री लोक आधी पूर्वपक्ष मांडत, मग त्याचं खंडन करत आणि शेवटी आपला सिद्धांत सांगत. न्यायसूत्रांत तर बोलण्याचे तीन प्रकारच सांगितलेत. सत्य काय ते कळावं म्हणून करायचा तो वाद, जिंकण्यासाठी करायचा तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडायचं ती वितंडा. गंमत बघा, 'जल्प' हा शब्द आपण विसरलो आणि 'वितंडवाद' तेवढा रोजच्या वापरात ठेवला. गरजेचा शब्दच टिकतो म्हणायचा!

तर लेक पुढे म्हणाली, "बल, त्वरण, संवेग, अपवर्तन, हे सगळं मला बाईंच्या शाळेत उत्तम कळलं होतं. पण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला फळ्यावर 'मोमेंटम' आलं तेव्हा हा आपला संवेग आहे हे कळायला मला दोन आठवडे लागले. तोवर मी मागच्या बाकावर बसायला लागले होते. वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही. येत नव्हतं म्हणून नाही, विचारायचा कसा ते येत नव्हतं म्हणून. घरी सांगितलं नाही, कारण बाईंना वाईट वाटलं असतं."

मंडळी, हे मी पहिल्यांदा ऐकत होते, दीडशे माणसांत बसून. इतकी वर्षं झाली त्याला. शेजारच्या जुन्या सहकारी बाईंनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला. पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात मागून एक गृहस्थ ओरडले, "झालं! बाईंची मुलगीच विरोधात आहे, मग चर्चा कशाला? घ्या हात वर करून!" हशा पिकला. कोणीतरी शिट्टीही मारली.

लेक बसली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "माझा विरोध त्यांच्या पहिल्या मुद्द्याला आहे. दुसरा मुद्दा इथे अजून कोणीच खोडलेला नाही, मलाही खोडता येत नाही. शिकवणार कोण? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मीसुद्धा हात वर करणार नाही."

सभा गप्प. मग खरी चर्चा सुरू झाली. विज्ञानाचे एक तरुण सर उठून म्हणाले की मला भीती वाटते, मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. शेवटी ठरलं ते असं : सेमी आणायचं, पण लगेच नाही. आधी वर्षभर शिक्षकांची तयारी, आणि एक तुकडी पूर्ण मराठी ठेवायचीच. मी सेमीच्या विरोधात हात वर केला, तिनं बाजूनं. माझं मत आजही तेच आहे. तिचं मागच्या बाकावरचं वर्ष ऐकूनही. ते वर्ष कॉलेजनं थोडं सांभाळून घेतलं असतं तर टळलं असतं, शाळेची भाषा बदलून नव्हे, असं मला वाटतं. तिला तसं वाटत नाही.

पूर्वीचे लोक वाद कसे सभ्यपणे करत, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. मला ते फारसं पटत नाही. टिळक-आगरकरांचंच घ्या. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढताना एकत्र, १८८१ ला 'केसरी' काढताना एकत्र, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र. पुढे सामाजिक सुधारणांवरून फाटलं. आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि मग दोन पत्रांतून जे चाललं ते काही गोड नव्हतं. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्यातल्या सनातन्यांनी. १८९५ च्या पुण्यातल्या काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद त्याच मंडपात भरवायला इतका विरोध झाला की रानड्यांनी ती दुसरीकडे भरवली. म्हणजे आरडाओरडा तेव्हाही होता. फरक मला एवढाच दिसतो की दोघेही एकमेकांचे लेख पूर्ण वाचत होते. वाचल्याशिवाय इतकं मुद्देसूद उत्तर देता येत नाही. आणि त्याच १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. त्या वेळी टिळकांना रडू आवरत नव्हतं, असं लहानपणी माझे वडील सांगत.

२०२५ मध्ये आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, आठवत असेल. एप्रिलमध्ये शासन निर्णय आला, जूनमध्ये सुधारित आला आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. मीही त्या निर्णयाच्या विरोधातच होते. सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा कशाला, असं बालशिक्षणातली माणसं शांतपणे सांगत होती, लिहीत होती. पण टीव्ही लावावा तर चौकटी-चौकटींत सहा-आठ डोकी, सगळी एकदम बोलतायत. मी आवाज बंद करून नुसती तोंडं बघत बसायचे. पूर्वपक्ष तर सोडाच, समोरच्याचं वाक्य संपू देईल असं कोणी दिसेना.

धाकट्याबद्दल लिहिलं नाही तर तो रुसायचा. तो वाद घालत नाही. हसतो आणि विषय बदलतो. ती त्याच्या वडिलांची देणगी.

सभेनंतर घरी येताना लेक रिक्षात गप्प होती. मी म्हटलं, "मान डोलवली होती मी." म्हणाली, "बघितलं." एवढंच. त्या वर्षाबद्दल मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. बोलू कधीतरी.

आता तिनं मला कामाला लावलंय. शिक्षकांच्या वर्गासाठी शब्दांची वही करायची, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी उच्चार देवनागरीत ती लिहून पाठवते, मराठी बाजू आणि सोपी उदाहरणं माझी. चौऱ्याऐंशी शब्द झालेत. परावर्तन आणि अपवर्तन यांत मुलं हटकून घोटाळा करतात, म्हणून तिथे आरसा आणि पाण्यातली पेन्सिल अशी दोन चित्रं काढलीत, बरी आलीत. सध्या गाडी बल, शक्ती आणि ऊर्जा इथे अडलीय. तिचं म्हणणं, रोजच्या मराठीत तिन्ही एकच वाटतात, इथेच मुलं फसतात. माझं म्हणणं, अगं, रोजच्या इंग्रजीत तरी फोर्स, पॉवर आणि एनर्जी कुठे वेगळे ठेवतात? काल फोनवर पाऊण तास यावर गेला. आज रात्री परत करणार आहे म्हणाली.