सातव्या इनिंगचा घोळ

चिंचोटी, रविवार. सकाळपासून धो धो. तुंगारेश्वरचा डोंगर ढगात गडप, सॉफ्टबॉलचा सराव रद्द.

कॅचरच्या डोक्याला मात्र सुट्टी नाही. सातवी इनिंग, एका धावेची आघाडी, तिसऱ्या बेसवर रनर, आउट एकच. पिचरकडे काय मागायचं? राइझ बॉल उंच उडाला, तर झेल घेऊनही धाव जाऊ शकते. ड्रॉप बॉलवर फटका जमिनीलगत जातो. पण तोच मातीत आपटून माझ्याकडून निसटला, की बरोबरी! चेंजअपचा मोह नकोच. वेगापुढे आधीच उशीर करणाऱ्या बॅटरला हळू चेंडू म्हणजे आयतं वाढलेलं ताट. मी ड्रॉपच मागते, अर्थात तो त्या दिवशी पडत असेल तर.

पडत नसेल तर पिचर बदलायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ च्या सॉफ्टबॉलच्या अंतिम सामन्यात जपानने बाहेर बसवलेल्या पिचर युकिको उएनोलाच सातव्या इनिंगला परत आणलं. नियम एकदा तशी मुभा देतो. वय ३९! अमेरिका ०-२ ने हरली.

आमच्याकडे दुसरी पिचरच नाही, मग बसवायचं कुणाला? मैदान वाळलं की पहिल्या वर्षाच्या एका डावखुरीला चेंडू टाकायला लावते.